घंगाळात बुडवलेली काइट

काइटसर्फिंगला, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीनं फळीवरून पाणी कापायला, गोव्यात मोरजीच्या पाण्यात उतरून पाऊण तास झाला नसेल, तोवर काइटचं, म्हणजे त्या पतंगाचं, एक टोक फडफडायला लागलं. हातातला दांडा, म्हणजे बार, ओढला तरी ती आळसावल्यासारखी उशिरा वळायची. वारा पडला असेल म्हणून आणखी दहा मिनिटं तशीच रेटली. मग ती पाण्यात पडली आणि काही केल्या उठेना. लीडिंग एज, म्हणजे पुढच्या कडेची हवा भरलेली जाड नळी, मधोमध मोडून तिची घडी झाली होती. दोऱ्या बारवर गुंडाळत काइटपर्यंत पोहोचलो आणि तिलाच धरून तरंगत किनाऱ्याला लागलो.

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या ब्रूनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या भावांनी १९८४ मध्ये फुगवायच्या काइटचं पेटंट घेतलं. त्यांच्या कल्पनेचं मर्मच हे, की पाण्यात पडलेली काइट पुन्हा उडाली पाहिजे. नळीत हवा आहे तोवर ते खरं. हवा गेली की हातात उरतं ओलं कापड.

काइट नऊ चौरस मीटरची, गोव्यातच जुनी घेतलेली. तिला पाच स्ट्रट, म्हणजे फासळ्यांसारख्या हवेच्या नळ्या, आहेत. आणि आधीच कबूल करून टाकतो, आदल्या दिवशी आंबोलीत जेवायला थांबलो तेव्हा ती चांगली दोन-अडीच तास गाडीच्या डिकीत उन्हात तापत पडली होती. एप्रिल महिना. याचा संबंध पुढे येतो.

पहिली रात्र, कोल्हापूर

घरातल्या हॉलमध्ये काइट ७ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पर्यंत भरली, लीडिंग एजकडून स्ट्रटकडे जाणाऱ्या नळ्यांच्या सगळ्या क्लिपा बंद केल्या आणि झोपलो. क्लिपा बंद ठेवल्या की प्रत्येक कप्पा वेगळा होतो आणि गळणारा सकाळी आपोआप उघडा पडतो. पहाटे पाहिलं तर मधला स्ट्रट चपटा आणि लीडिंग एज अर्धी. बाकीचे चार स्ट्रट ताठ.

इथे नव्यांसाठी एक गोष्ट. रात्री भरलेली काइट सकाळी थोडी मऊ लागली म्हणजे ती गळतेच असं नाही. संध्याकाळी ३३ अंश होतं, पहाटे २३. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंच, म्हणजे इथला हवेचा दाब पावणेचौदा पीएसआयच्या आसपास. त्यात आपले ७ मिळवले की आतला एकूण दाब पावणेएकवीसच्या जवळ. दहा अंश उतरले की त्यातला तीन टक्क्यांहून थोडा जास्त भाग जातो, म्हणजे जवळजवळ पाऊण पीएसआय. गेजवर ६.३ दिसलं तर घाबरायचं कारण नाही. माझं गेज ३ च्या खाली गेलं होतं, तो भाग वेगळा.

दुसरा दिवस

साबणाचं पाणी करून ब्रशनं सगळ्या व्हॉल्व्हना लावलं. लीडिंग एजच्या डम्प व्हॉल्व्हभोवती (हा हवा सोडायचा), जिथून तो डेक्रॉनच्या, म्हणजे बाहेरच्या जाड कापडाच्या, बाहेर येतो, तिथे फेस. मी खूश. चोर सापडला!

अर्धाच सापडला होता. ब्लॅडर, म्हणजे आतली हवेची पिशवी, आणि बाहेरचं डेक्रॉन यांच्यात बारीकशी जागा असते. ब्लॅडरला कुठेही भोक पडलं तरी हवा त्या जागेतून सरकत जाते आणि जिथे डेक्रॉनला तोंड आहे तिथून बाहेर पडते. ते तोंड बहुतेक वेळा व्हॉल्व्हचंच असतं. त्यामुळे बुडबुडे व्हॉल्व्हपाशी दिसले म्हणून व्हॉल्व्हच फुटलाय असं धरून चालत नाही. ब्लॅडर बाहेर काढल्याशिवाय गत्यंतर नाही.

मधल्या स्ट्रटचं मात्र लगेच उलगडलं. नळी जिथे व्हॉल्व्हच्या कोपरावर चढते तिथला केबल टाय सैल झाला होता. नवा आवळला, प्रश्न मिटला. यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

ब्लॅडर बाहेर

दोन्ही टोकांचे वेल्क्रो उघडले, ब्लॅडरच्या दोन्ही शेपट्यांना लांब दोरी बांधली आणि डम्प व्हॉल्व्ह, हवा भरायचा इन्फ्लेट व्हॉल्व्ह, स्ट्रटकडचे पाच कोपर असं एकेक आत ढकलून सगळं एका बाजूनं ओढून काढलं. दोरी आतच राहते, परत जाताना तीच वाटाड्या. आई दारात उभी राहून बघत होती.

"काय करालायस रे?"

"ब्लॅडर काढतोय. परत घालायला दोरी ठेवली आत."

"म्हंजे परकराची नाडी. एवढं सोप्पं, आणि सकाळपासनं घाम गाळालायस!"

जवळजवळ सात मीटरचं ते पारदर्शक आतडं हॉलमधून पॅसेजमध्ये पसरलं. पोटमाळ्यावरून आजीचं पितळी घंगाळ काढलं, पाणी भरलं आणि हलकेच फुगवलेला ब्लॅडर हात-हात करून त्यातून फिरवला. हलकेच म्हणजे खरोखर हलकेच. डेक्रॉनच्या कवचाबाहेर ब्लॅडरला कसलाच आधार नसतो, दाब दिला तर तो फुग्यासारखा फुगत जातो आणि कायमचा ताणला जातो.

अंगाला कुठेच भोक नव्हतं. बुडबुड्यांची बारीक माळ येत होती ती डम्प व्हॉल्व्हच्या बुडाच्या कडेखालून. व्हॉल्व्हची नळी धड, झाकण धड. बूड ब्लॅडरला जिथे चिकटवलेलं असतं तो थर चंद्रकोरीएवढा सुटला होता. आपण "व्हॉल्व्ह गळतोय" म्हणतो त्यातल्या बऱ्याच गळत्या अशा जोडाच्या असतात. आणि हा जोड कशानं सुटतो, तर उष्णतेनं. डिकीत तापलेली काइट आठवली आणि गप्प बसलो.

गोंदाचे प्रयोग (वाचून हसा, करू नका)

पहिला मूर्खपणा: झटपट चिकटणारा गोंद. कडेखाली दोन थेंब सोडले, दाबलं, तासाभरात पाण्यात एकही बुडबुडा नाही. ब्लॅडर गुंडाळला आणि कट्ट असा आवाज आला. तो गोंद वाळला की काचेसारखा कडक होतो आणि ब्लॅडर तर दर वेळी घडी घालायची वस्तू. शिवाय आता जुन्या गोंदावर नव्या गोंदाची खपली. साफ करायचं काम दुप्पट.

मित्र म्हणाला, पापाच्या तिकटीला जा आणि चप्पलवाल्याकडचं सोल्युशन आण, कापशी चपलेला सोल धरतो तर हे का धरणार नाही? त्याआधी मी रंकाळ्याकडच्या पंक्चरवाल्या मामांकडे गेलो. त्यांनी ब्लॅडरची शेपटी दोन बोटांत चोळली, नखानं ओरखडा काढला, वास घेतला.

"भावा, ह्ये रबर न्हाय. माझं सोल्युशन ह्याला धरायचं न्हाय."

तरी मी आग्रह केला म्हणून त्यांनी शेपटीच्या जादा तुकड्यावर पॅच लावून दिला. दुसऱ्या दिवशी तो स्टिकरसारखा अलगद निघून आला. मामांचं बरोबर होतं. ट्यूबचं सोल्युशन रबरासाठी बनलेलं असतं, ब्लॅडर असतो टीपीयूचा, म्हणजे एका लवचीक प्लास्टिकचा. चप्पलवाल्याकडे मग गेलोच नाही. मामांनी जाता जाता एक युक्ती शिकवली ती मात्र लाखमोलाची: बारीक गळती कानानं ऐकू येत नाही, ओठ ओले करून जवळ न्यायचे. गार झुळूक बरोबर लागते.

नवा व्हॉल्व्ह

मागून चिकटपट्टी असलेले दोन व्हॉल्व्ह मागवले, येईपर्यंत अकरा दिवस गेले. दुसरा प्रकार इस्त्रीनं, बटर पेपर ठेवून वितळवून बसवायचा असतो. तो जास्त पक्का म्हणतात, पण घरच्या इस्त्रीवर आणि माझ्या हातावर तेवढा विश्वास नाही. जरा जास्त तापलं की ब्लॅडरलाच भोक.

जुना काढण्याआधी बुडाभोवती पेनानं गोल आखला आणि व्हॉल्व्हचं तोंड कुठल्या बाजूला आहे त्याचा बाण काढला. ही दोन मिनिटं वाचवू नका. नवा व्हॉल्व्ह अंगठ्याभर जरी सरकला तरी डेक्रॉनच्या भोकाशी जुळत नाही आणि मग फुगवताना तिथेच ताण येतो.

हेअर ड्रायरनं कोमट करत, कडेपासून हळूहळू सोलत आलो. जिथे माझा तो कडक गोंद होता तिथे ब्लॅडर तीन मिलिमीटर फाटला. शिव्या घातल्या, स्वतःलाच. नशीब की नव्या व्हॉल्व्हचं बूड जुन्यापेक्षा मोठं होतं आणि फाटलेलं सगळं त्याखाली झाकलं गेलं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं, पुन्हा पुसलं, फडक्यावर काही येईनासं झाल्यावर आणखी एकदा पुसलं. जुन्या गोंदाचा कण किंवा पावडरीचा अंश राहिला तर चिकटपट्टी त्या कणाला चिकटते, ब्लॅडरला नाही.

चिकटवल्यावर चोवीस तास वजन ठेवायचं होतं. अडचण अशी की बुडाच्या मधोमध नळी वर आलेली, वजन टेकणार कुठे? उद्यमनगरात एका लेथवाल्याकडे गेलो आणि भंगारातल्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याची जाड चकती करून घेतली, मध्ये नळीएवढं भोक. त्यानं मायक्रोमीटर लावून विचारलं, "कुठल्या मशीनचा पार्ट?" पतंगाचा म्हटल्यावर त्यानं मायक्रोमीटर खाली ठेवला. पण चकती अशी करून दिली की नाद खुळा. ब्लॅडर पाटावर सपाट पसरला, कागद सोलून व्हॉल्व्ह एकाच दमात टेकवला, मधून बाहेर असा चमच्याच्या पाठीनं घोटला. मग वर चकती आणि चकतीवर आडवा वरवंटा. आईनं त्या दिवशी चटणी मिक्सरवर केली आणि दोन वेळा तसं बोलून दाखवलं.

परत आत

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. ब्लॅडरला भरपूर टाल्कम पावडर चोळली, नव्या व्हॉल्व्हच्या आसपास जरा जपून. लांबीभर मार्करनं एक सरळ रेघ मारली, पीळ पडला की रेघ फिरलेली दिसते. दोरीला बांधून ओढत गेलो. पहिल्या खेपेला इन्फ्लेट व्हॉल्व्ह भोकाशी आला आणि डम्प व्हॉल्व्ह पाठ फिरवून बसला. अर्धा पीळ. तसंच फुगवलं असतं तर पिळाच्या जागी ब्लॅडर फाटला असता. पुन्हा सगळं बाहेर. दुसऱ्या खेपेला जमलं. सगळे व्हॉल्व्ह बाहेर काढले, थोडी हवा भरली, डेक्रॉनवरून चोळत सुरकुत्या सोडवल्या, हवा सोडली, पुन्हा भरली. असं चार वेळा.

काल रात्री ७ पीएसआय. आज पहाटे ६.४. दुपारी गच्चीवर पुन्हा ७ ला आली, उन्हात थोडी वरच गेली म्हणून लगेच हवा कमी केली आणि सावलीत ओढली. शेजारची पोरं विचारून गेली की संक्रांत तर होऊन गेली, आता कसली पतंग?

इन्फ्लेट व्हॉल्व्हच्या बुडाची कड बाहेरून दिसत नाही, पण ब्लॅडर बाहेर होता तेव्हा नखानं उचलून बघितली होती. घट्ट आहे. तोही त्याच डिकीत तापलाय, त्यामुळे दुसरा व्हॉल्व्ह आणि चकती दोन्ही पंपाच्या पिशवीत टाकलेत. येत्या शनिवारी पहाटे चारला निघायचं, आजरा-आंबोलीमार्गे. काइट मागच्या सीटवर, काचा थोड्या खाली.