दुपारचं ऊन, पहाटेची अंघोळ : आठवा आठवडा

सोलर पॅनलच्या उरलेल्या विजेवर तापवलेलं जुन्या गीझरच्या टाकीतलं पाणी आज पहाटे साडेपाचला ५१ अंश! काल संध्याकाळी पाचला ६० होतं. पहिल्या आठवड्यात याच टाकीनं रात्रीत तेरा अंश घालवले होते, आज फक्त नऊ गेले.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: गच्चीवर ५४० वॅटचे दोन पॅनल, खाली २४ व्होल्टची बॅटरी, नेट मीटरिंग नाही, म्हणजे उरलेली वीज महावितरणला देता येत नाही. साडेअकराला बॅटरी भरली की तिचं चार्जिंग सांभाळणारा चार्ज कंट्रोलर करंट आवळतो आणि ऐन उन्हात पॅनल रिकामे बसतात. ती वीज २५ लिटरच्या जुन्या गीझरमध्ये घालायची आणि त्याचं पाणी पुढे बाथरूमच्या गीझरला द्यायचं, असा हा खटाटोप. २५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला साधारण एक युनिट लागतं.

आधी कॉइल चालू-बंद करायला साधा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच होता. २७.८ व्होल्टला चालू, २६ ला बंद. कॉइल १ किलोवॅटची, पॅनल देणार सातशे-आठशे वॅट, त्यात घरचा फ्रिज. व्होल्टेज बसायचं, चढायचं, पुन्हा बसायचं, आणि रिलेची दुपारभर कटकट. आता एसएसआर (सॉलिड स्टेट रिले, हलणारे भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच) लावलाय. दर दोन सेकंदांत कॉइल किती वेळ चालवायची हे आर्दुइनो, म्हणजे प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड, बॅटरीच्या व्होल्टेजवरून ठरवतो. ढग आला की वेळ आपोआप कमी. मात्र एसएसआर जातो तेव्हा बहुतेकदा शॉर्ट होऊन जातो, म्हणजे कॉइल चालूच राहते. त्यामुळे गीझरचा थर्मोस्टॅट आणि कटआउट कृपा करून बायपास करू नका. प्रेशर व्हॉल्व्ह आणि अर्थिंगही तपासून घ्या.

पण खरा फरक पडला तो नळीमुळे. टाकीच्या आत पफ (उष्णता अडवणारा फोम) आहेच, तरी रात्री दहाला गरम पाण्याच्या जोडणीला हात लावला तर चटका बसला. पुढे दीड फूट उघडी धातूची नळी, तीही तापलेली. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोम दोन्ही नळ्यांवर चढवला, जोडांवर टेप गुंडाळली. खर्च किरकोळ, काम अर्ध्या तासाचं. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

ढगाळ दिवसांसाठी बाथरूमचा १५ लिटरचा गीझर महावितरणच्या लाइनवरच ठेवलाय, टायमर दुपारी चारचा. स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना महावितरणनं १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर सवलत सुरू केली, सुरुवातीला युनिटमागे ८० पैसे. म्हणजे आपल्याकडे स्वस्त वीज रात्रीची नाही, दिवसाची. पहाटे सहाला गीझर लावायची जुनी सवय इथेच मोडते. त्या सुरुवातीच्या दरानं रोजच्या एका युनिटाला महिन्याचे चोवीस रुपये वाचतात. रक्कम लहान, पण टायमर एकदाच लावायचा असतो.

आईची अंघोळ पहिली. "बंबाच्या पाण्यासारखं कढत आहे गं," म्हणाली. तिसऱ्या अंघोळीला मात्र पाणी अजून कोमटच येतं. उद्या थर्मोस्टॅट ६५ वर नेऊन बघते.