मुलांसह जपानी जेवण: क्योतो, ओसाका आणि हिरोशिमा येथील अनुभव

एप्रिलमध्ये आम्ही चौघे, म्हणजे मी, माझे यजमान, अकरा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा, बारा दिवस जपानला जाऊन आलो. आमचे घर मूळचे मालवणकडचे असल्यामुळे मासळीचे कौतुक सर्वांनाच आहे, मात्र गोमांस आम्ही खात नाही. मुलांनी तिथले स्थानिक जेवण मनापासून खावे अशी माझी फार इच्छा होती, कारण जेवण वगळून पाहिलेला देश मला अर्धाच पाहिल्यासारखा वाटतो. लहान मुले घेऊन जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या दोन दिवसांत आमचे चुकलेच. क्योतोमध्ये रात्री आठ वाजता, मुले दमलेली असताना, आम्ही त्यांना रामेनच्या, म्हणजे रश्शातल्या नूडल्सच्या, एका छोट्या दुकानात नेले. तिथे दाराजवळच्या यंत्रात पैसे घालून कुपन काढायचे होते, मागे रांग ताटकळत होती आणि बटणांवरचे जपानी वाचता येत नव्हते. डुकराच्या हाडांचा दाट रस्सा समोर आला तेव्हा मुलगा त्या वासानेच रडू लागला. चूक रामेनची नव्हती, आम्ही निवडलेल्या वेळेची होती. त्यानंतर आम्ही ठरवले की नवा पदार्थ दिवसाउजेडी, पोटात थोडी भूक असताना आणि तो तयार होताना पाहता येईल अशाच ठिकाणी चाखायचा, आणि रात्री ओळखीचे काहीतरी द्यायचे. ओळखीचे म्हणजे बहुधा कोनबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानातून आणलेला शिजवलेला पाकीटबंद भात, बिनसाखरेचे दही आणि घरून नेलेले मेतकूट.

ही युक्ती खऱ्या अर्थाने फळाला आली ती ओसाकातल्या दोतोन्बोरी भागात. ताकोयाकी हा १९३० च्या दशकात याच शहरात जन्मलेला पदार्थ. ज्या बिडाच्या साच्यात तो होतो तो पाहताच मुलगी म्हणाली, "आई, हे तर आजीचं अप्पेपात्र!" आणि खरोखरच तसे ते होते, फक्त खळगे कितीतरी जास्त. कारागीर पीठ खळग्यांच्या काठावरून वाहू देतो, प्रत्येकात ऑक्टोपसचा तुकडा, कांद्याची पात आणि लाल आले टाकतो आणि मग दोन टोकदार सळ्यांनी बाहेर सांडलेले पीठ आत खोचत प्रत्येक गोळा पाव-पाव वळणाने फिरवत जातो. मुलगा दहा मिनिटे काचेला नाक लावून उभा होता. आपण पाहिलेला गोळा कोणता, हे त्याला माहीत होते, म्हणून तो त्याने मागून घेतला. मात्र एक इशारा अगदी कळकळीने देते. ताकोयाकी बाहेरून कोमट लागली तरी आतले पीठ उकळत्या पिठल्यासारखे असते. मुलाची जीभ भाजली. गोळा काडीने फोडून, वाफ जाऊ देऊन, निदान पाच मिनिटांनी मुलांच्या हाती द्यावा.

फिरत्या पट्ट्यावरच्या सुशीचे, म्हणजे आंबटसर भातावर बहुधा मासा ठेवून केलेल्या घासांचे, पहिले दुकानही ओसाकाजवळच, १९५८ मध्ये सुरू झाले. बिअरच्या कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावरून मालकाला ती कल्पना सुचली होती. मुलांसाठी यापेक्षा सोयीची जागा मला सापडली नाही. पडद्यावर चित्र पाहून मागवायचे असल्यामुळे भाषेची अडचण येत नाही, आणि कच्चा मासा नको असेल तर अंड्याची, काकडीची किंवा तळलेल्या गोड तोफूच्या पिशवीतली इनारी सुशी मिळते. वासाबी, म्हणजे झणझणीत हिरवी चटणी, नको असल्यास "साबी नुकी" हे दोन शब्द पुरतात. टेबलावरच ग्रीन टीसाठी कढत पाण्याचा नळ असतो आणि तो हात धुण्याचा आहे असे मुलांना सहज वाटते, त्यामुळे लहान मुलाला नळापासून दूरच्या बाजूला बसवावे.

क्योतोचा निशिकी बाजार सुमारे चारशे मीटर लांबीची छपराखालची अरुंद गल्ली आहे. तिथे चालता चालता खाऊ नये, ज्या दुकानातून घेतले त्याच्यासमोर उभे राहून संपवावे आणि काडी, कागद त्यांच्याकडेच परत द्यावा, अशी रीत आहे. रस्त्यावर कचऱ्याचे डबे क्वचितच दिसतात, म्हणून एक पिशवी जवळ असलीच पाहिजे. मुलीने डोक्यात लाव्याचे अंडे भरलेला इवलासा लाल ऑक्टोपस काडीवर घेऊन खाल्ला. मुलाने नकार दिला आणि आम्ही आग्रह केला नाही. त्याला मिळाला मिताराशी दांगो, तांदळाच्या पिठाचे वाफवून भाजलेले गोळे आणि वर सोया सॉसचा गोडसर पाक. मोदकाच्या उकडीची चव माहीत असलेल्या मुलांना हा सहज आवडतो. दांगो आणि विशेषतः मोची, म्हणजे कुटलेल्या चिकट भाताचे गोळे, चिवट असल्याने लहानांना बारीक तुकडे करूनच द्यावेत. नववर्षाच्या सुमारास मोची घशात अडकून वृद्ध दगावल्याच्या बातम्या जपानमध्ये दर वर्षी येतात.

हिरोशिमाच्या ओकोनोमियाकीत धिरड्याच्या पातळ थरावर कोबीचा डोंगर, नूडल्स आणि अंडे असे एकेक थर चढतात, आणि पुढ्यातल्या तापलेल्या तव्यावरूनच लहान उलथन्याने कापून खायचे असते. आम्ही डुकराच्या मांसाऐवजी कोळंबी घालायला सांगितले. वर भुरभुरलेले सुक्या मासळीचे काप वाफेने हलू लागले तेव्हा मुलाला ते जिवंत वाटले. तव्याची कड हाताला लागते, त्यामुळे लहान मुलांसह तव्यापुढच्या जागेऐवजी टेबलच मागावे. हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावरच्या मोमिजी मान्जू या पानाच्या आकाराच्या छोट्या केकमध्ये अझुकी या लाल कडधान्याचे गोड सारण असते. "पुरणच आहे, पण थंड," असे म्हणत मुलाने तीन संपवले.

शाकाहारी कुटुंबांनी हे नीट ध्यानात ठेवावे की दाशी नावाचा पायाभूत रस्सा बहुधा सुक्या मासळीचा असतो. उदोन म्हणजे गव्हाच्या जाड नूडल्स, आंबवलेल्या सोयाबीनचे मिसो सूप, अंड्याची गुंडाळी, भाज्यांचे शिजवण, सगळ्यांत तो असू शकतो, आणि "मांस नको" म्हटल्याने तो वगळला जात नाही. मंदिर परंपरेतले शोजिन र्‍योरी हे जेवण मात्र मांस-मासळीशिवाय बनते. ॲलर्जी असल्यास जपानीत छापलेले कार्ड न्यावे. पाकीटबंद पदार्थांवर कोळंबी, खेकडा, अक्रोड, गहू, सोबा (कुट्टू, ज्याच्या नूडल्सही करतात), अंडे, दूध आणि शेंगदाणा या गोष्टी लिहिणे बंधनकारक आहे. सोबाची ॲलर्जी असणाऱ्याने उदोनही विचारूनच खावे, कारण अनेक दुकानांत दोन्ही एकाच पाण्यात उकळतात.

प्रवासाच्या दिवशी सर्वांत जास्त उपयोगी पडल्या त्या ओनिगिरी, म्हणजे सारण भरलेले भाताचे मुटके, साधारण दीडशे-दोनशे येनला एक. वेष्टनावर १, २, ३ असे आकडे असतात आणि त्या क्रमाने सोलले तरच समुद्रशैवालाचा कागद कुरकुरीत राहून भाताला गुंडाळला जातो. ते काम मुलांनाच द्यावे. शिनकान्सेन या बुलेट ट्रेनसाठी एकिबेन, म्हणजे स्थानकावरचा डबा, चढण्यापूर्वीच घ्यावा, कारण टोकियो-ओसाका या तोकाइदो मार्गावरच्या गाड्यांत ढकलगाडीवरून होणारी विक्री २०२३ मध्ये बंद झाली. मुलांना आवडणारा बुलेट ट्रेनच्या आकाराचा डबा दुपारपर्यंत संपून जातो. आम्हाला तो दुसऱ्या खेपेस, सकाळी नऊला स्थानकावर पोहोचल्यावर मिळाला.