भाकरी, विरजण आणि उदास मन

शरीरातलं ९० टक्के सेरोटोनिन (मनःस्थितीशी जोडलं जाणारं रसायन) आतड्यात तयार होतं, म्हणून पोट सुधारा, नैराश्य जाईल, असे मेसेज सारखे फिरत असतात. आकडा बरोबर, निष्कर्ष चूक. आतड्यातलं सेरोटोनिन मेंदूत शिरतच नाही. ते आतड्याची हालचाल सांभाळतं. नैराश्याच्या बऱ्याच गोळ्या सेरोटोनिनवर काम करतात, आतड्यातल्याही; म्हणून गोळी सुरू केल्यावर पहिले आठ-पंधरा दिवस मळमळतं, पोट बिघडतं. बरेच जण नेमक्या याच टप्प्यावर गोळी सोडतात, आणि तिचा गुण यायला तर ४ ते ६ आठवडे लागतात.

मग आतड्यातल्या जंतूंचा मनाशी संबंध नाहीच का? आहे. २०११ साली उंदरांना लॅक्टोबॅसिलस या उपकारक जंतूची एक जात खाऊ घातली, तेव्हा त्यांची घाबरट वागणूक कमी झाली; पोटापासून मेंदूपर्यंत जाणारी व्हेगस नस कापली तेव्हा हा परिणाम गेला. तीच जात २०१७ मध्ये निरोगी तरुणांना दिली, तर काहीच फरक दिसला नाही. अशा जंतूंच्या महागड्या कॅप्सूल घेण्याआधी एवढं ध्यानात असू द्या.

बेल्जियममध्ये २०१९ साली हजारभर लोकांची विष्ठा तपासली. नैराश्य असलेल्यांत कोप्रोकॉकस आणि डायलिस्टर हे जंतू कमी निघाले. पण आधी काय? मन उदास झालं की जेवणावरची वासना उडते, चहा-बिस्किटावर दिवस निघतो, आणि जंतूही उपाशी मरतात.

कोप्रोकॉकससारखे जंतू धान्या-डाळीतल्या तंतूंपासून (फायबरपासून) ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात. मोठ्या आतड्याचं अस्तर मुख्यतः त्यावर जगतं, सूजही आटोक्यात राहते. मराठवाड्यात या तंतूंसाठी दुकान शोधायची गरज नाही. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत ६ ग्रॅमच्या आसपास तंतू असतात, मूठभर अख्ख्या हरभऱ्याच्या उसळीत जवळपास तितकेच. वर अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. सगळं एकदम वाढवलं की मात्र पोट फुगतं आणि माणूस चौथ्या दिवशी नाद सोडतो. पहिल्या आठवड्यात एका वेळच्या पोळीऐवजी भाकरी, पुढच्या आठवड्यात एक दिवसाआड उसळ, कडधान्य रात्रभर भिजवून. पाणीही वाढवा, नाहीतर उलट बद्धकोष्ठ होतो.

दह्यासाठी दूध बोटाला सोसेल इतकंच कोमट हवं. कडक दुधात विरजण मरतं. लिटरला दोन चमचे पुरे. उन्हाळ्यात चार-पाच तासांत लागतं, मग लगेच गार जागी ठेवा, नाहीतर आंबट ढोण होतं. ताक कच्चं प्या. कढी उकळली की जंतू संपले, चव तेवढी उरते. घरच्या दह्यात नेमके कोणते जंतू आहेत हे सांगता येत नाही, म्हणून ते अन्न समजून खा, औषध म्हणून नव्हे.

ऑस्ट्रेलियात नैराश्याच्या ६७ रुग्णांवर १२ आठवडे आहाराचा प्रयोग झाला, २०१७ मध्ये त्याचे निकाल आले. आहार सुधारलेल्या गटात ३२ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले, दुसऱ्या गटात ८ टक्के. प्रयोग लहान होता, आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णांना माहीत होतं. आणि त्यातल्या बहुतेकांचे उपचारही चालूच होते. तेव्हा भाकरी गोळीच्या जोडीला. गोळी कमी करायची ती डॉक्टरांना विचारूनच. झोप उडाली, जगणं नकोसं वाटलं, तर ताकाची वाट पाहू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.