पेन कुणाच्या हातात

दुपारी वामकुक्षीच्या बेतात होतो, तेवढ्यात एका जुन्या मित्राने फोटो पाठवला. आमच्या रसायनशास्त्राच्या मॅडमना उत्कृष्ट प्राध्यापकाचा पुरस्कार मिळालाय. ती भलीमोठी फ्रेम त्यांनी अशी धरलीय, जणू कुणीतरी ‘जरा सांभाळा हं’ म्हणून हातात देऊन गेलंय. फोटो मोठा करून मानपत्र वाचलं. (मला ही खोड आहेच, दुसऱ्यांची मानपत्रं मी शेवटच्या सहीपर्यंत वाचतो.) शोधनिबंध, समित्या, परिषदा, सगळं यथासांग. आणि तळाशी, जागा उरली म्हणून घातल्यासारखी अर्धी ओळ: विद्यार्थी-शिकवणी वर्गाचं मार्गदर्शन.

अर्धी ओळ!

प्रयोगशाळेला लागून असलेल्या त्या खोलीत प्रॅक्टिकल संपल्यावर वरच्या वर्गातली मुलं पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायची. शिकवणाऱ्याने पेन हातात घ्यायचं नाही, एवढा एकच नियम. ऐकायला सोपा आहे. पण समोरचा पोरगा 10 ग्रॅम हायड्रोजन आणि 64 ग्रॅम ऑक्सिजनपासून 74 ग्रॅम पाणी करून मोकळा होतो, तेव्हा बोटं शिवशिवायला लागतात. बेरीज बरोबर आहे ना त्याची! अशा वेळी मॅडम दारातून म्हणायच्या, “त्याला विचार, शेवटी पेटवायला काही उरलंय का?” मग बराच वेळ शांतता. पोरगा मोल (म्हणजे पदार्थातले कण मोजायचं एकक) काढतो, खोडतो, पुन्हा काढतो. ऑक्सिजन 2 मोल, त्याला हायड्रोजन लागणार 4 मोल, आणि आपल्याकडे तर 5. “अय्या, 2 ग्रॅम हायड्रोजन तसाच राहिला की! पाणी 72च!” त्या क्षणी त्याच्यापेक्षा जास्त आनंद शिकवणाऱ्याला व्हायचा, हे मी स्वतः अनुभवलंय.

टायट्रेशनलाही, म्हणजे रंग नुकताच बदलेपर्यंत थेंब-थेंब द्रावण सोडायच्या प्रयोगालाही, मॅडम पाठीशी उभ्या राहायच्या, पण ब्युरेटच्या, म्हणजे द्रावण सोडायच्या मापनळीच्या, तोटीला हात लावायच्या नाहीत. “गुलाबी रंग जायला वेळ लागायला लागला, की हात आवर,” एवढंच. तरी कुणीतरी घाई करायचंच आणि फ्लास्क भडक गुलाबी. तो ओतायचा, धुवायचा, पुन्हा पहिल्यापासून. मॅडम काही बोलायच्या नाहीत, हीच शिक्षा.

शिकवणं म्हणजे संशोधनातून उरलेल्या वेळात उरकायचं काम, असं मानपत्रं लिहिणाऱ्यांना का वाटतं कोण जाणे. निदान रसायनशास्त्रात तरी वाटू नये. 1860 साली जर्मनीतल्या कार्ल्सरूहला युरोपभरचे रसायनशास्त्रज्ञ जमले होते, अणुभारांवरून नुसता घोळ चालला होता. तो निस्तरायला कामी आली इटालियन रसायनशास्त्रज्ञ कानिझारोंची छोटीशी पुस्तिका, परिषद संपता संपता वाटलेली. ती होती जिनोआतल्या विद्यार्थ्यांना ते जो अभ्यासक्रम शिकवत, त्याचा सारांश. त्या परिषदेला तरुण रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हही हजर होते. पुढे 1869 मध्ये त्यांनी आवर्तसारणी मांडली, तीसुद्धा विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिताना मूलद्रव्यं कुठल्या क्रमाने घ्यावीत या विवंचनेतून. म्हणजे भिंतीवरचा तो तक्ता मुळात एका मास्तराची अडचण आहे.

हे सगळं मॅडमना फोनवर सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “ते असू दे. तू येणार आहेस का एखाद्या संध्याकाळी? मोलवर अडलेत सगळे.” पुरस्काराचा विषय तिथेच संपला.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त होतायत. जागेची जाहिरात निघेल. त्यात पदव्या, अनुभव, शोधनिबंध सगळं मागतील. संध्याकाळी ती खोली उघडणारं माणूस हवंय, हे मात्र कुठल्या रकान्यात लिहितात, कुणास ठाऊक.