गेमिंग लॅपटॉपचा शोध, नोंद तिसरी : चिप एकच, वॅट वेगळे

मागील नोंदीत निवड एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ४०५० आणि आरटीएक्स ४०६० या दोन ग्राफिक्स चिपांपर्यंत (खेळाचे चित्र तयार करणाऱ्या चिपांपर्यंत) येऊन थांबली होती आणि खर्चाची मर्यादा एक लाख रुपये ठरली होती. त्यानंतरचे तीन आठवडे नागपूरच्या सीताबर्डीतील दुकाने आणि लॅपटॉपांच्या तुलनेचा घरचा तक्ता यांच्यात गेले. तक्त्यात सुरुवातीला ग्राफिक्ससाठी चिपचे नाव लिहिण्यापुरता एकच रकाना होता. आता त्याचे चार रकाने झाले आहेत आणि त्यांतला सर्वांत महत्त्वाचा रकाना वॅटचा आहे.

लॅपटॉपमधील ४०६०ला किती वीज द्यायची, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. एनव्हिडियाने त्यासाठी ३५ ते ११५ वॅट इतकी रुंद मर्यादा दिली आहे आणि डायनॅमिक बूस्ट (गरजेनुसार प्रोसेसरच्या वाट्याची वीज ग्राफिक्स चिपला देण्याची सोय) धरल्यास काही लॅपटॉपांत हा आकडा १४० वॅटपर्यंत जातो. त्यामुळे एकाच नावाचे स्टिकर लावलेले दोन लॅपटॉप शेजारी ठेवले, तर त्यांतला सडपातळ असलेला दुसऱ्याच्या बराच मागे पडू शकतो. मात्र जितके वॅट अधिक तितका वेग अधिक, असेही सरळ गणित नाही. घड्याळगती (चिपच्या कामाचा वेग) वाढवायची तर व्होल्टेजही वाढवावे लागते आणि विजेचा वापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून शेवटच्या काही वॅटांतून हाती फार थोडे लागते. ४०६०च्या बाबतीत तर अनेक खेळांमध्ये साधारण १०० वॅटच्या पुढे फरक जाणवत नाही. म्हणून १४० वॅटचा आग्रह मी सोडून दिला. ६० वॅटचा लॅपटॉप मात्र यादीतून काढून टाकला.

दुकानात हा आकडा विचारल्यावर एका विक्रेत्याने चार्जरवरचे वॅट वाचून दाखवले. ज्यांना खरेदी करायची आहे त्यांनी दुकानात मांडलेल्या लॅपटॉपवर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधील सिस्टम इन्फर्मेशन उघडावे. तेथे चिपच्या कमाल विजेचा आकडा स्पष्ट लिहिलेला असतो.

आरटीएक्स ४०७०चा मोह मला एकदा झाला होता, तोही येथे नोंदवतो. डेस्कटॉपच्या ४०७०मध्ये ५,८८८ कूडा कोअर (एकाच वेळी गणिते करणारे चिपमधील छोटे भाग) आणि १२ जीबी मेमरी असते, तर लॅपटॉपच्या ४०७०मध्ये ४,६०८ कोअर आणि ८ जीबी मेमरी असते. नाव तेच असले तरी आतली चिप वेगळी आहे. ४०६०मध्ये मात्र दोन्हीकडे ३,०७२ कोअर आणि ८ जीबी मेमरी आहे. अधिक पैसे मोजूनही मेमरी तेवढीच मिळणार असेल, तर माझ्या दृष्टीने तो सौदा पटण्यासारखा नव्हता.

४०५० मागे पडली ती मेमरीमुळेच. तिच्यात ६ जीबी मेमरी असते आणि मेमरीची बस, म्हणजे माहिती ने-आण करण्याच्या वाटेची रुंदी, ९६ बिटची असते. ४०६०ची बस १२८ बिटची आहे. १०८० पिक्सेलवर खेळतानासुद्धा नव्या खेळांचे उच्च दर्जाचे टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांवर चढवलेली चित्रे) ६ जीबीत मावत नाहीत. न मावलेला भाग लॅपटॉपच्या साध्या रॅममधून आणावा लागतो आणि तो मार्ग ग्राफिक्स मेमरीच्या तुलनेत कितीतरी अरुंद असतो. अशा वेळी सरासरी फ्रेमसंख्या (दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रे) ठीक दिसते, पण वळणावर कॅमेरा फिरवताच चित्र अडखळते. जे स्पर्धात्मक नेमबाजीचे हलके खेळच खेळतात, त्यांना ४०५० पुरेशी आहे.

पडद्याविषयी एवढेच सांगतो की, ‘४५ टक्के एनटीएससी’ (पडदा किती रंग दाखवू शकतो याचे माप) असे लिहिलेला पडदा फिका दिसतो, मग तो १४४ हर्ट्झचा असला तरीही. मक्स स्विच, म्हणजे ग्राफिक्स चिप थेट पडद्याला जोडणारी सोय, असणे हीही माझी अट होती. तो नसल्यास प्रत्येक फ्रेम प्रोसेसरमधील ग्राफिक्सच्या वाटेने पडद्यावर जाते आणि त्यात थोडा वेग वाया जातो. बॅटरीवर खेळण्याची अपेक्षा मी ठेवलेलीच नाही, कारण विमानप्रवासाच्या नियमांमुळे लॅपटॉपची बॅटरी १०० वॅट-तासांच्या आत ठेवली जाते आणि एकटी ग्राफिक्स चिपच तेवढी वीज तासाभरात पिऊन टाकू शकते.

अखेर ११५ वॅटचा, जाड आणि अडीच किलोपेक्षा थोडा कमी वजनाचा ४०६०चा लॅपटॉप घेतला. जाडीचे मला वाईट वाटले नाही, कारण नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि खोली जितकी तापते, जवळजवळ तितकीच चिपही अधिक तापते. सडपातळ यंत्राला जानेवारीत जे जमते, ते मे महिन्यात जमेलच असे नाही.

एक उणीव राहिली आहे. यात १६ जीबी रॅम एकाच स्टिकमध्ये आहे, म्हणजे मेमरीचा दुसरा चॅनल (प्रोसेसरपर्यंत माहिती नेणारी दुसरी वाट) रिकामा आहे. दुसरी स्टिक मागवली आहे. ती येण्यापूर्वी सायबरपंक २०७७मधील अंगभूत बेंचमार्क (वेग मोजणारी चाचणी) १०८० पिक्सेल, हाय सेटिंग, डीएलएसएस (लहान चित्र मोठे करून वेग वाढवणारी एनव्हिडियाची सोय) बंद, चार्जर जोडलेला आणि लॅपटॉपची मागची बाजू उचललेली, अशा स्थितीत तीनदा चालवून सरासरी आणि सर्वांत खालच्या फ्रेमसंख्या वहीत उतरवल्या आहेत. स्टिक बसवल्यावर मांडणी आणि पंख्याची गती हीच ठेवून पुन्हा तीनदा मोजणार आहे. दोन्ही आकडे शेजारी मांडूनच चौथी नोंद लिहीन.