मालवणच्या खानावळी: कधी जावं, काय विचारावं

आम्ही मालवणला पोचलो तेव्हा आंगणेवाडीची जत्रा नुकतीच सरली होती. चाकरमानी मुंबईला परतले होते, राहायला जागा मिळत होती आणि खानावळवाल्यांना दोन शब्द बोलायला सवड होती. सोबत बायको, मुलगी आणि माझी आत्या. आत्या पूर्ण शाकाहारी, आम्ही तिघं मासेखाऊ. किल्ला आणि तारकर्लीबद्दल आधीच पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून इथे मुख्यतः जेवणाबद्दल लिहितो.

जायचं कसं, ते थोडक्यात. कोकण रेल्वेने कुडाळला उतरावं. तिथून मालवण तीसेक किलोमीटर, एसटी मिळते. रिक्षा करायची तर भाडं आधी ठरवून घ्या. कोल्हापूरकडून गाडीने येणाऱ्यांनी फोंडा घाट उतरून कणकवली, कसाल, मालवण असं यावं.

निघण्याआधी ओळखीच्यांकडे चौकशी केली, तेव्हा बाजारपेठेजवळच्या एका खानावळीबद्दल अगदी टोकाची मतं ऐकायला मिळाली. ऑफिसातला एक सहकारी म्हणाला, तिथलं बांगड्याचं जेवण चुकवू नका. शेजारचे काका म्हणाले, तिकडे फिरकूसुद्धा नका, शिळी सुरमई घातली आणि वर बिल फुगवलं. दोघंही खोटं बोलणाऱ्यातले नाहीत. आम्ही तिथे मंगळवारी दुपारी जेवलो आणि शनिवारी रात्रीही जेवलो, तेव्हा दोघांचंही खरं असल्याचं दिसलं. खानावळीचं नाव लिहीत नाही, कारण मालवणातल्या बहुतेक खानावळींना हे लागू पडेल.

मंगळवारी बारा वाजता आत गेलो तेव्हा निम्मी टेबलं रिकामी होती. मुलीने सुरमई थाळी मागितली. मालकीणबाई स्वतः टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "सुरमय कालची आसा, ती घेव नका. बांगडो आत्ताच इलो." सुरमई महाग आणि बांगडा स्वस्त. महागाचं गिऱ्हाईक सोडून स्वस्त मासा सुचवणारी खानावळ भेटली की मी निर्धास्त बसतो. मुलगी जरा हिरमुसली, पण बांगडा आला आणि तिने सुरमईचं नाव काढलं नाही.

ते ताट नीट सांगायला हवं. तांदळाच्या पिठात घोळवलेला अख्खा बांगडा, कडेला कुरकुरीत, आणि काट्यापासून बोटाने सहज सुटणारं पांढरं मांस. वाटीत नारळाच्या वाटपाची आमटी, तिच्यात तिरफळं. तिरफळ चावायचं नाही, बाजूला काढायचं. त्याचा वास तेवढा आमटीत उतरलेला असतो आणि बांगड्याचा उग्रपणा तोच मारतो. तव्यावरून थेट पानात येणारी तांदळाची भाकरी. आणि सोलकढी, फिकट गुलाबी, तळाशी लसणीचे बारीक कण. सोलकढी भडक गुलाबी आणि गोडसर लागली तर आगळाऐवजी (कोकमाचा खारवलेला रस) कोकम सरबताचा अर्क वापरला असण्याची शक्यता फार. मी सोलकढीची वाटी आधी तोंडाला लावतो, कारण नारळाचं दूध रोज काढणारं स्वयंपाकघर सहसा माशातही हयगय करत नाही.

आत्यासाठी काळ्या वाटाण्याचं सांबार आणि वडे आले, शिवाय ओल्या काजूची उसळ. ही उसळ फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारासच मिळते. मेनूकार्डावर नसली तरी विचारा. आत्याचा पहिला प्रश्न होता, "भाजीचा डाव वेगळा आहे ना गं बाई?" मालकीणबाईंनी तिला आत नेऊन वेगळी भांडी दाखवली. तारकर्लीच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या एका हॉटेलात हाच प्रश्न विचारल्यावर वेटरने खांदे उडवले होते. तिथे आत्याने दहीभातावर भागवलं. शाकाहारी माणूस बरोबर असेल तर बसण्याआधी विचारून घ्या. मासे खाणारे पोटभर जेवतात आणि एकाने पापड चघळत बसायचं, हे मला बघवत नाही.

आता शनिवारची रात्र. साडेआठला बाहेर पायरीपर्यंत माणसं, रस्त्यावर पर्यटकांच्या तीन बसगाड्या. नंबर लागायला तासभर गेला. आत वेटर नवखी मुलं, मालकीणबाई भटारखान्यात अडकलेल्या. सुरमईची तुकडी आली ती आधीच तळून ठेवून पुन्हा गरम केलेली. बाहेरून कडक आणि आतून कोरडी, मोडली की भुसा होत होती. सोलकढीत पाणी वाढवलेलं. भाकऱ्या संपल्या म्हणून चपात्या.

शेजारच्या टेबलावर सांगलीकडचं कुटुंब होतं. त्यांनी पापलेट फ्राय मागवलं होतं. कार्डावर त्याच्यापुढे भाव नव्हता, फक्त "साईजप्रमाणे" असं लिहिलेलं. बिल आलं आणि घरच्या कर्त्या माणसाचा आवाज चढला. दोन पापलेटांचे त्यांच्या अंदाजाच्या दुपटीहून जास्त लावले होते. वेटर म्हणाला मासा मोठा होता. ते म्हणाले, मग आधी दाखवायचा होता. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. मुलं घाबरून गप्प झाली होती आणि आजी पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "जाऊ दे रे, देऊन टाक." अखेर मालकीणबाई बाहेर आल्या, कच्ची चिठ्ठी बघितली आणि थोडे पैसे कमी केले. पण त्या कुटुंबाच्या मालवणच्या आठवणीत आता तेवढंच राहणार, याचं मला वाईट वाटलं. गावाबद्दलही आणि त्यांच्याबद्दलही.

"साईजप्रमाणे" ही पद्धत मुळात लबाडीची नाही. पापलेट, सुरमई, मोठी कोलंबी यांचा भाव लिलावात रोज हलतो, आणि छापील दर ठेवला तर कधी खानावळवाला बुडतो, कधी गिऱ्हाईक. लबाडी होते ती मासा न दाखवता आणि आकडा न सांगता तळायला टाकण्यात. म्हणून तळण्याआधी मासा ताटलीत मागवा, याचे किती होतील ते विचारा आणि आकडा कच्च्या चिठ्ठीवर लिहून घ्या. कुठल्याही बऱ्या खानावळीत याचा राग येत नाही. मासा समोर आला की कल्ला उचलून बघा, लालभडक हवा. डोळा स्वच्छ आणि फुगीर असावा, बोटाने दाबलेली जागा लगेच वर यावी. आम्ही गेलो तेव्हा बांगडा थाळी तीनशेच्या आतबाहेर होती, सुरमईची त्याच्या दीडपट, आणि पापलेटला धरबंध नव्हता.

बिल समजून घ्या. साध्या हॉटेलात जेवणावर जीएसटी ५ टक्के. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या कर योजनेतल्या खानावळींना तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलंय. अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक बिलावर असायला हवा. तक्रार असली तर जेवण पुढ्यात असतानाच, शक्यतो मालकाशी बोला. अर्धा मासा पानात असताना सांगितलं तर बदलून मिळतो. आमची कोरडी तुकडी आम्ही परत केली आणि बदल्यात तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं मिळालं, तेही उत्तम. तिथे दाद लागलीच नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

वेळ हा सगळ्यात मोठा मुद्दा. सिंधुदुर्ग किल्ल्यावर सकाळच्या पहिल्या होड्यांनी जा. सोळाशे चौसष्ट ते सदुसष्टच्या त्या तटावर उन्हाआधी फिरणंच बरं. मग साडेअकराला बंदरावर परत आणि बाराला पानावर. दीडनंतर किल्ल्यावरून उतरलेली सगळी गर्दी खानावळींत शिरते. तीनच्या पुढे बऱ्याच खानावळी बंद होतात त्या संध्याकाळी साडेसातपर्यंत. शनिवारी रात्री बाजारपेठेत जेवायचा हट्टच करू नका.

पावसाळ्यात जाणार असाल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत कार्डावरचा प्रत्येक मासा "आहे" असं उत्तर आलं तर तो बहुतेक बर्फातला, हे धरून चाला. तेव्हा कुर्ल्या (खेकडे), खाडीची मासळी, सुक्या बांगड्याची किसमूर (खोबरं घातलेली कोशिंबीर), किंवा सरळ कोंबडी-वडे मागवा. कोंबडी-वडे हा काही दुय्यम बेत नव्हे, इथे पाहुण्याला मानाने तोच करतात.

रोख पैसे जवळ ठेवा. देवबागकडे रेंज जाते आणि मोबाइलवरून पैसे देताना अडकायला होतं.

आमचं सगळ्यात चांगलं जेवण मात्र खानावळीत झालं नाही. संध्याकाळी बंदराजवळ किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालतो. आम्ही जिथे उतरलो होतो तिथल्या वहिनी बरोबर आल्या, त्यांनी मुडदुशे आणि थोडी कोलंबी घासाघीस करून घेतली आणि घरी रांधून वाढली. रांधण्याचे पैसे वेगळे, ते आधी ठरवले होते. एकट्याने लिलावात उतरू नका. वाटे मोठे असतात आणि बोली भराभर चालते, म्हणून घरमालकाला सकाळीच सांगून ठेवा. सोमवारी मात्र हा बेत नको. पुष्कळ घरांत त्या दिवशी मासे शिजत नाहीत, आणि तुम्ही विचारलंत तर भिडेपोटी हो म्हणतील.