फूटपाथ आहे हो, फूटपाथ!

फोनवरच्या गेममधला आमच्या चौकातल्या फ्लेमिंगोंचा स्टॉप गेमच्या कंपनीने नकाशावरून काढून टाकला. कारण एका ओळीत आलं: पायी सुरक्षितपणे पोहोचता येत नाही. ज्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी सेक्टरमधले सगळे आजोबा बसून देशाचं राजकारण निकालात काढतात, त्या जागी म्हणे पायी पोहोचता येत नाही!

नेरूळला आमच्या चौकात भंगारातून बनवलेली फ्लेमिंगोंची जोडी उभी आहे. पाय सळईचे, मान सायकलच्या चेनची, पंखांत पान्हे, गिअर आणि कुठल्याशा पंपाची चकती. गुलाबी रंग पावसाळ्यात पोपडे धरतो आणि स्वच्छ सर्वेक्षण जवळ आलं की पुन्हा चढतो. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 सालचं, 2022 मध्ये त्याला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जाही मिळाला. त्यामुळे नवी मुंबईत फ्लेमिंगो रंगवायला कुणाला कारण लागत नाही. पण बहुतेक ठिकाणी ते भिंतीवर असतात. आमचे उभे आहेत, आणि लहान मुलं त्यांच्या पायांत पाय अडकवून फोटो काढतात.

फोन घेऊन खऱ्या रस्त्यावर फिरायचा जो गेम आम्ही खेळतो, त्यात अशा कलाकृतींचे स्टॉप होतात, म्हणजे गेमच्या नकाशावर दिसणारी, चालत जाऊन गाठायची ठिकाणं. हा स्टॉप मीच सुचवला होता. फोटो, नाव, दोन ओळी वर्णन, मंजूर. त्यात सांगण्यासारखं काही नाही. मग एका सकाळी स्टेशनला जाताना बघतो तर नकाशावर चौक मोकळा. कुणीतरी तक्रार केली होती. कुणी, ते कळत नाही. कळावं अशी सोयच नाही. आमच्या ग्रुपवर दोन दिवस संशयकल्लोळ चालला.

तर अपील. अपील टाकणं सोपं आहे: नाव, अक्षांश-रेखांश, का परत हवा ते लिहा, पुरावा जोडा. अक्षांश-रेखांश दशांश चिन्हानंतर निदान पाच अंकांपर्यंत द्या. पाचवा अंक म्हणजे साधारण एक मीटरचा फरक. तीनच अंक दिलेत तर पिन शंभर मीटरच्या घोळात जाते आणि समोरचा माणूस भलताच चौक बघत बसतो.

पहिलं उत्तर आलं ते छापील. तुमचे पुरावे तपासले, निर्णय कायम, आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद. कुठला पुरावा तपासला, त्यात काय कमी पडलं, एक अक्षर नाही. बँकेत निदान काउंटरवरचा माणूस मान वर न करता का होईना, "झेरॉक्स आणा" एवढं तरी सांगतो.

म्हणून मी तपासणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघितलं. कॉम्प्युटरवर सॅटेलाइटचं चित्र उघडलं आणि डोक्यात प्रकाश पडला. चौकात मोठा रेन ट्री आहे. वरून दिसतो फक्त हिरवा ढीग आणि त्याच्या तिन्ही बाजूंनी डांबर. फूटपाथ, कट्टा, फ्लेमिंगो, सगळं झाडाखाली. परदेशात बसलेल्या माणसाला ते वाहतूक बेटच वाटणार. गूगलचं स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे गाडीवरच्या कॅमेऱ्याने टिपलेले रस्ते, आपल्याकडे 2022 साली आलं, पण ती गाडी रस्त्यावरून जाते. चित्रात समोर पार्क केलेले टेम्पो आणि त्यांच्या वर गुलाबी चोच.

नियम मुळात चुकीचा नाही, हेही सांगतो. पाम बीच रोडच्या दुभाजकात कुणी स्टॉप टाकला तर तो काढा असं मीच म्हणेन. ऐंशीच्या वेगाने गाड्या जातात तिथे पोरं पळतील. कलाकृती रस्त्यावरून दिसते एवढं पुरत नाही, तिच्याजवळ चालत जाता आलं पाहिजे. माझा राग नियमावर नाही. चालत जाता येतं हे चालत जाऊन न बघता ठरवतात, त्यावर आहे.

मग फूटपाथचे फोटो काढायला गेलो तर फूटपाथ खोदलेला! केबलचं काम. हिरवे पत्रे, उघडा खड्डा, पेव्हर ब्लॉकची रास. हा फोटो पाठवला असता तर कंपनीने तो फ्रेम करून लावला असता. कट्ट्यावरच्या एका काकांनी विचारलं, कशाचे फोटो काढतोयस? सांगितलं. ते म्हणाले, "माहितीच्या अधिकारात टाक अर्ज. दहा रुपयांचं तिकीट लाव, तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं." काका, ती खासगी कंपनी आहे. "मग कठीण आहे," म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं.

खड्डा बुजेपर्यंत थांबलो. रोज ऑफिसला जाताना वाकून बघायचो, ब्लॉक बसले का. घरचे म्हणायचे, याला फूटपाथचा ठेका मिळालाय का?

ब्लॉक बसले त्याच रविवारी सकाळी सातला, टेम्पो यायच्या आत गेलो. यावेळी फ्लेमिंगोंचे फोटो काढलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. बसस्टॉपपासून सुरुवात केली: बसस्टॉप, तिथून झेब्रा क्रॉसिंग, क्रॉसिंगवरून फूटपाथचा उतार, उतारावरून कट्टा, कट्ट्यावरून फ्लेमिंगो. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतली एक खूण मागे दिसली पाहिजे, नाहीतर पाच वेगवेगळ्या जागा वाटतात. झाडाखाली उभं राहून 360 अंशांचा फोटो घेतला आणि तो गूगल मॅप्सवरही टाकला, म्हणजे तपासणाऱ्याला माझ्या शब्दावर विसंबायला नको. मजकूर मात्र चारच ओळी. अन्याय, भावना, मुलांचं प्रेम, हे सगळं आधीच्या अपिलात होतं, यावेळी फक्त "बसस्टॉपवरून झेब्रा क्रॉसिंगने फूटपाथवर या, झाडाखाली डावीकडे."

स्टॉप परत आला. कळवणारा मेल दुपारी जेवताना आला आणि मी ऑफिसच्या कँटीनमध्ये एवढ्या जोरात "हां!" म्हटलं की शेजारच्याला वाटलं विकेट पडली.

आणखी एक, आत्ता आठवलं. अपील अडकलं म्हणून त्याच जागेचा स्टॉप नव्याने सुचवू नका, आणि शेजारच्या बागेच्या पाटीचा तर मुळीच नको. नकाशाचे साधारण 70 मीटरचे चौकोन पाडलेले असतात आणि आमच्या गेममध्ये एका चौकोनात एकच स्टॉप दिसतो. पाटी आधी मंजूर झाली तर फ्लेमिंगो जिंकूनही दिसणार नाहीत. आमच्या ग्रुपमधला एक उत्साही पोरगा हेच करायला निघाला होता. त्याला वेळेत फोन लागला म्हणून वाचलो.